वळणाखालचं तळं

बायकोने वहीत यादी केली होती. डोंगरात गेल्यावर काय काय करायचं, त्याची. बोगद्याच्या तोंडाशी उभं राहून आरोळी ठोकायची. लाकडी पुलाखालच्या ओढ्यात पाय सोडून बसायचं. शेवटच्या टपरीवर चहा प्यायचा, तोही उभ्याने. आणि सगळ्यात खाली, दोनदा रेघ ओढून: तळं बघायचं.

ही यादी तिला कुठल्या प्रवास कंपनीने दिली नव्हती. मीच दिली होती, अठ्ठावीस वर्षांत, तुकड्यातुकड्याने, ताटावर बसून. मी त्या रस्त्याला बस चालवायचो. एक दिवस वर मुक्काम, एक दिवस घरी. घरी आलो की ही पोळी वाढता वाढता विचारायची, "आज तळं कसं होतं?" मी सांगायचो. आज हिरवं होतं. आज काठाला बर्फ धरला होता. आज दोन पांढरे पक्षी उतरले होते, एक लंगडत होता. ही लंगड्या पक्ष्याची आठवडाभर चौकशी करायची.

आता खरं सांगतो. ते तळं मी एकदाही पाहिलेलं नव्हतं.

हसू नका. घाटात बस चालवणाऱ्याला डोंगर दिसत नसतो. त्याला पुढचं वळण दिसतं, समोरून येणाऱ्या ट्रकचं नाक दिसतं, रस्त्यात आडव्या पडलेल्या म्हशी दिसतात. बाकी सगळी शोभा पैसे देऊन मागे बसलेल्यांसाठी. तळं मला रेडिओ सांगायचा.

रेडिओ म्हणजे माझा कंडक्टर. तोंडाला कुलूप नाही म्हणून अख्खा डेपो त्याला रेडिओ म्हणायचा. माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी सातव्या वळणावर रस्त्याची कड खचली आणि बसचं मागचं चाक रस्त्याबाहेर गेलं. मी ब्रेकवर पाय रोवून बसलो. रेडिओने एकेक माणूस पुढच्या दाराने उतरवला, म्हाताऱ्या बायांना विनोद सांगत सांगत, आणि सगळ्यात शेवटी मला ओढून काढलं. बस राहिली, माणसं वाचली. पण त्यानंतर ते वळण आलं की माझे हात कापायचे. मी कुणाला बोललो नाही. ड्रायव्हरचे हात कापतात हे काय सांगायची गोष्ट आहे?

चारपाच फेऱ्यांनंतर रेडिओ त्या वळणाआधी तिकिटं सोडून माझ्या सीटमागे येऊन उभा राहिला. म्हणाला, "अरे, इथे खाली जवळच सपाटी आहे. मोठं तळं आहे तिथे. कसलं निळंशार दिसतंय! तू बघू नकोस हं, तू रस्ता बघ. मी सांगतो." आणि सांगत राहिला, वळण संपेपर्यंत. पुढे ते रोजचंच झालं. "गेलोच खाली तर काय, पोहत बाहेर येऊ," असं तो म्हणायचा, आणि मी हसायचो, आणि हसता हसता वळण मागे पडायचं. परतताना तर पहाटेच्या धुक्यात समोरचा दगडही नीट दिसत नसे. तरी रेडिओ खात्रीने सांगायचा, तळं अजून झोपलंय म्हणून.

घरी येऊन मी ते सगळं माझ्या डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगायचो. नवी नवरी होती, तिच्यासमोर रुबाब नको का? एकदा सांगितलं ते सांगितलं. मग अठ्ठावीस वर्षं निस्तरत बसलो.

तर आता हिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, नंतर सहा महिने कुठे जायचं नाही. ही म्हणाली, मग आधी डोंगर. मी सबबी सांगून पाहिल्या. थंडी आहे, रस्ता खराब आहे, बसमध्ये गर्दी असते. "जन्मभर तुम्ही बघितलंत," ती म्हणाली, "मला एकदा बघू द्या." मी दोन तिकिटं काढली.

निघालो. नवा ड्रायव्हर गाणी लावून चालवत होता आणि चढावर गिअर असा टाकत होता की माझ्या दाढा शिवशिवत होत्या. पण बाकी प्रवास झकास चालला होता. बोगद्यापाशी हिने अशी आरोळी ठोकली की गाडीतली चार पोरं घाबरून रडायला लागली. ओढ्यात पाय सोडून बसली आणि उठेचना. टपरीवाल्याने मला ओळखलं, चहाचे पैसे घेतले नाहीत, आणि रेडिओ गेल्याचं ऐकून गल्ल्यावरून उठून बाहेर आला. "फार बोलायचा," एवढंच म्हणाला. मला तिथेच भरून आलं. गेल्या वर्षी रेडिओ गेल्यापासून मला घरात शांतता सोसत नाही.

सातवं वळण जवळ यायला लागलं तसा मी मनातल्या मनात उत्तरं जुळवायला लागलो. तळं दिसलं की ही काहीतरी विचारणार, पक्षी कुठे उतरायचे, बर्फ कुठल्या काठाला धरायचा, आणि माझी अठ्ठावीस वर्षांची फुशारकी एका मिनिटात उघडी पडणार. ह्या वयात बायकोपुढे खोटारडा ठरायचं!

बस थांबली. आता तिथे रस्ता रुंद केलाय, लोखंडी कठडा घातलाय, लोक फोटो काढायला उतरतात. ही माझा हात धरून कठड्यापाशी गेली. मी एक मोठा श्वास घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा तिथून खाली पाहिलं.

खाली काहीच नव्हतं.

म्हणजे दरी होती. सपाटी नाही, झाड नाही, पाणी नाही. सरळ तुटलेला काळा कडा, आणि तो कुठे संपतो ते कळतच नव्हतं. मी कठडा घट्ट धरला. याच कडेवरून मी रोज पन्नास माणसं नेत होतो, पोहत बाहेर येऊ म्हणत.

"अहो, तळं कुठे आहे?" हिने विचारलं.

मी म्हणालो, "नाहीये गं. कधीच नव्हतं. मी पाहिलेलं नव्हतं, मला रेडिओ सांगायचा." मग सगळंच सांगितलं. चाक, हात कापायचे ते, सीटमागे उभा राहून तो बोलायचा ते. मला वाटलं, आता ही तोफ डागणार.

ही कठड्यावर वाकून खाली बघत होती.

"रेडिओभाऊजी गेले तेव्हा मी त्यांच्या बायकोजवळ बसले होते ना," ती म्हणाली. "तेव्हा ती सांगत होती. त्यांना डेपोत टेबलाचं काम तीनदा मिळत होतं. तीनदा नाही म्हणाले. तिने भांडण काढलं, तर म्हणाले, मी खाली डेपोत बसलो तर त्याला तळं कोण दाखवणार? मला वाटलं, तुमची दोघांची काहीतरी थट्टा असेल. म्हणून तुम्हाला बोलले नाही."

मी खाली बसलो, तिथेच, कठड्याला टेकून. फोटो काढणारी पोरं बाजूला सरकली. एकाने पाण्याची बाटली पुढे केली. मी लहान पोरासारखा रडत होतो आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. ही दुखऱ्या गुडघ्यांनी कशीबशी माझ्या शेजारी टेकली.

"त्याला दमा होता गं," मी म्हणालो. "वरची थंडी त्याला कधी सोसलीच नाही. मुक्कामाच्या खोलीत रात्ररात्र खोकत बसायचा. आणि मी पांघरूण डोक्यावर ओढून म्हणायचो, गप की रे, झोपू दे, उद्या मला गाडी चालवायचीये."