भाऊजींचं बजेटातलं इंग्रजी

सून पहिल्यांदा घरी यायची ठरली तेव्हा मी दिरांना स्वच्छ सांगितलं होतं, भाऊजी, मला चार वाक्यं शिकवा. बस, चहा घे, झोप लागली का, तुला काय आवडतं. एवढ्यावर मी आठवडा रेटीन. सून परक्या भाषेतली. तिला मराठीचा गंध नाही, मला तिच्या भाषेचा नाही, मधे काय ते इंग्रजी, आणि माझं इंग्रजी दुकानाच्या पाटीपुरतं. दुकान म्हणजे कपडे दुरुस्तीचं: चेन बदलणं, बाह्या आखूड करणं, सुटलेल्या पोटांसाठी कंबर सैल करणं. हे गेल्यापासून मी एकटीच चालवते.

पण भाऊजींनी उभा जन्म सरकारच्या अर्थ खात्यात काढलेला, त्यातही बजेटच्या शाखेत. त्यांचं इंग्रजी तिथेच जन्मलं आणि तिथेच म्हातारं झालं. निवृत्त झाल्यापासून ते दुपारी माझ्या दुकानात स्टूल अडवून बसायचे आणि इंग्रजी पेपर मोठ्याने वाचायचे. त्या वर्षी सरकारने जिकडे तिकडे कात्री लावलेली, त्यामुळे धड्यांना तोटा नव्हता. पहिल्या दिवशी मी 'कशी आहेस' शिकायला बसले आणि 'डेफिसिट' शिकून उठले.

त्यांची पद्धत अशी, की बातमीतला शब्द उचलायचा आणि घरातल्या गोष्टीवर वाक्य करायचं. स्वयंपाकघरात साखरेचं डेफिसिट आहे. गिझरची दुरुस्ती डिफर्ड आहे, म्हणजे पुढे ढकललीय. 'सबसिडी' हा शब्द आला तेव्हा मी त्यांच्याकडेच बोट दाखवलं, कारण जेवायचे ते माझ्याच डब्यातलं. तेवढं त्यांना बरोबर कळलं, दुसऱ्या दिवशी स्वतःची केळी घेऊन आले. मी कुरकुरले, की मला सुनेशी बोलायचंय, अर्थमंत्र्याशी नाही. तर शांतपणे म्हणाले, मला जे येतं तेच मी शिकवणार ना, वहिनी. आता यावर काय डोकं आपटणार?

एक गोष्ट मात्र त्यांनी जीव तोडून शिकवली. बजेटचं भाषण छापून आलं, की ते लाल पेन्सिल घेऊन बसायचे. एकेका घोषणेपाशी थांबायचं, मागची आकड्यांची पानं चाळायची, तिथे रक्कम सापडली तर ठीक, नाही सापडली तर फुली. अनाउन्समेंट म्हणजे घोषणा, प्रोव्हिजन म्हणजे तरतूद. घोषणेला टाळ्या पडतात आणि तरतूद कुणी बघत नाही, हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा. माणसाने नोकरीभर पोकळ घोषणा टाइप केल्यात म्हटल्यावर चढणारच.

आमच्या घरातही एक घोषणा झाली होती. मुलाचा फोन आला होता, आई, पुरे झालं आता ते दुकान, तू आमच्याकडे कायमची राहायला ये, आमचं ठरलंय. मला इतका आनंद झाला, की मी समोरच्या गल्लीपर्यंत सगळ्यांना सांगून आले. शेजारच्या चावीवाल्याला माझ्या दुकानाची जागा केव्हापासून हवी होती. त्याला शब्द दिला, की मुलगा-सून परत जायला निघाले, की जागा तुझी. एकदा दिली की ती पुन्हा मिळायची नाही, हे मलाही ठाऊक होतं. आणि दुकान गेलं तर मी रिकामी.

ती दोघं आली. दारात मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "वेलकम. युअर अराइव्हल वॉज डिफर्ड, नाऊ सँक्शन्ड." मुलाचे कान लाल झाले. सून मात्र हसत सुटली, अगदी बॅग खाली ठेवून हसली, आणि मला ती तिथेच आवडली.

पुढे माझं बोलणं तिला आणि तिचं मला मुलगाच समजावून सांगायचा. दोन दिवसांत माझ्या ध्यानात आलं, की 'आई आमच्याकडे आली की' असं त्याने सुरू केलं, की ही ताटं गोळा करून आत जाते. आधी वाटलं, लाजाळू असेल. मग मी त्याला विचारलं, अरे, हिला चालणार आहे ना? तो तिच्याशी भराभर काहीतरी बोलला, तिने मान हलवली, आणि तो म्हणाला, ती खूश आहे. आता मी आयुष्यभर लोकांना कपडे घालून बघायला लावलेत. गिऱ्हाईक तोंडाने ठीक आहे म्हणतं आणि खांदे आवळून उभं राहतं, तेव्हा शिवण उसवावी लागते, हे मला कुणी शिकवायला नको.

रविवारी दुपारी तो केस कापायला गेला. आम्ही दोघी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होतो. मला दुसरे शब्द येतच नव्हते, म्हणून होते ते वापरले.

"आय कम युअर हाऊस," मी म्हटलं. "दिस इज अनाउन्समेंट. प्रोव्हिजन इज देअर?"

तिला वाटलं मी पैशाचं विचारतेय. नको नको, पैशाची काळजी करू नका, असं काहीसं ती म्हणाली. मी मान हलवली, नो मनी म्हटलं, आणि बोट तिच्याकडे केलं. तुझ्याकडे आहे का तरतूद? मग तिला कळलं. तिने हातातला बटाटा खाली ठेवला.

"ओन्ली अनाउन्समेंट," ती म्हणाली.

मग तिने सावकाश, मला समजेल अशा बेताने सांगितलं. त्याने तिला विचारलंच नव्हतं. मला फोन केला तेव्हा ती शेजारीच होती, पण भाषा कळत नव्हती. फोन ठेवल्यावर त्याने सांगितलं. घरात झोपायची एक खोली आणि बाहेर एक सोफा. त्या सोफ्यावर बसून ती दिवसभर ऑफिसचं काम करते. एवढं सांगून ती सॉरी म्हणाली आणि रडायला लागली.

मला राग आला. आधी तिचा, मग पोराचा. आणि खूप वाईट वाटलं, कारण मनातल्या मनात मी माझं मशीन त्यांच्या खिडकीशी नेऊन ठेवलं होतं, उजेड कुठून येईल तेही ठरवलं होतं. पण रडणाऱ्या मुलीला काय म्हणायचं हे भाऊजींच्या पेपरात कुठेच आलं नव्हतं. मी तिच्या पुढ्यातले निम्मे बटाटे माझ्याकडे ओढले आणि सोलत बसले.

पोरगा डोकं भादरून आला. मी त्याला बसूही दिलं नाही. तिला विचारलं होतंस का, एवढंच विचारलं. त्याने आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"नाही विचारलं. ती नाही म्हणाली असती तर तुला काय सांगणार होतो? बाबा गेल्यापासून तू एकटी आहेस. मला तिकडे झोप लागत नाही, आई."

माझा राग तिथल्या तिथे विरघळला. लहानपणीही काही मोडलं की असाच उभा राहायचा, दोन्ही हात मागे घेऊन. पण मी त्याला सोडलं नाही. "तुझ्या झोपेसाठी मी हिच्या सोफ्यावर येऊन बसायची नाही," मी म्हटलं. "हवं तर रोज फोन कर."

सुनेने विचारलं, आई काय म्हणाल्या. तो सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात मी हात आडवा केला.

"आय टोल्ड हिम, फर्स्ट आस्क युअर वाइफ."

हे वाक्य मला कुणी शिकवलेलं नव्हतं. कुठून आलं कोण जाणे.

तिने मनगटाने डोळे पुसले. "नेक्स्ट इयर," ती म्हणाली, "यू आस्क मी. नॉट हिम."

"अँड यू से?"

पोरगा तिला डोळ्यांनी खुणावत होता, हो म्हण, हो म्हण. तिने त्याच्याकडे बघितलंच नाही.

"आय डोन्ट नो," ती म्हणाली.

या घरात माझी मर्जी न राखता मला कुणी उत्तर दिलं असेल, तर ते तिनेच. मला रडू आलं आणि बरंही वाटलं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि चावीवाल्याला फोन लावला, की जागा मिळायची नाही.