टेम्पीची सही

अलाबामातल्या काउंटी कोर्टात कृष्णवर्णीय ओडेलाबाईंनी खापरपणजीचे कागद मागितले, तर कारकुनाने नावही न विचारता गुलामांच्या मालकांच्या मालमत्तेच्या जुन्या याद्या पुढे ढकलल्या; त्यांत गुरांसोबत गुलामही मोजलेले. "तुमची माणसं यातच सापडतात, बाई."

"मालमत्तेत?" ओडेलाबाई कडाडल्या. "अरे, तिची स्वतःची मालमत्ता होती! मृत्युपत्रांचा खण उघड. साल १८९१, टेम्पी ग्रिग्जबी."

कुरकुरत त्याने मूळ कागद काढला. साठ एकर जमीन, दोन खेचरं, सगळं लेकींना. सहीच्या जागी तो अंगठा किंवा फुली शोधत होता. तिथे ठसठशीत अक्षरांत पूर्ण नाव होतं.

त्याचा आवाज खाली आला. "नकला किती काढू?"

"सात. आणि कोर्टाचा शिक्का मार, पण तिच्या नावावर येऊ देऊ नकोस."