काचेवरचे कुंकू

मित्रांनो, मी मोटारीच्या उजव्या दारावरचा एक जुना आरसा आहे. माझ्यासमोर जे येते ते मी दाखवतो. साठवत मात्र काहीच नाही. ही मर्यादा सुरुवातीलाच सांगितलेली बरी, कारण माझे सारे दुःख तिच्यातूनच आले.

कारखान्यात माझ्या काचेमागे चकचकीत थर चढवला गेला आणि मला काळ्या कवचात बसवले गेले. सिल्वासातल्या शाळेत विज्ञान शिकवणारे सदाशिव सर माझे मालक. मी नवा होतो तेव्हा ते दर रविवारी मला पुसत, बिजागरीत तेलाचा थेंब सोडत. पुढे रविवार चुकू लागले, तेल थांबले आणि बिजागरी गंजून घट्ट झाली.

मग कॅमेरा आला. समोरच्या काचेला आतून चिकटवलेला, अंगठ्याएवढा. तो पाहिलेले साठवून ठेवतो, म्हणून घरात त्याचे कोण कौतुक! पाहुण्यांना आधी तो दाखवला जाई, मग चहा. मला मत्सर वाटला. हे निरीक्षण मी लपवत नाही. खंडेनवमीला तर कहर झाला. सरांच्या पत्नी मंगलाबाईंनी स्टिअरिंगला कुंकू लावले, चाकांना लावले आणि नवी वस्तू म्हणून कॅमेऱ्यालाही ठसठशीत बोट टेकवले. मला काही नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. सायली गावाच्या रस्त्यावर सरांनी डाव्या कडेला गाडी उभी केली; मंगलाबाई आपट्याची पाने घ्यायला उतरल्या. तेवढ्यात मागून येणारा एक टेम्पो माझ्या काचेत मोठा मोठा होत गेला. त्याने दारावर लांब ओरखडा काढला, मला धडक दिली आणि पुढे जाऊन थांबला.

चालक झिपरू खाली उतरला. तो नंदुरबारकडचा, इथल्या एका कारखान्याचा माल वाहणारा.

"मी उभा व्हतो ना भाऊ! तुम्हीच गाडी पुढं काढली अन् घासली."

"अरे, माझं इंजिन बंद आहे!"

"आत्ता बंद केलं असंन."

दोष झिपरूचा ठरला, तर टेम्पोची विमा कंपनी आमची दुरुस्ती करून देणार होती. सरांचा ठरला, तर खर्च सरांचा. शिवाय शाळेत शिकवणारा माणूस खोटे बोलतो, असा शिक्का.

काही दिवसांनी कंपनीच्या वतीने पाहणी करायला रूपाली मॅडम आल्या. झिपरूलाही बोलावले होते. मंगलाबाई निर्धास्त होत्या. "आमच्याकडे कॅमेरा आहे म्हटलं! दाखवा हो त्यांना."

सगळे सरांच्या मोबाइलवर वाकले. पडद्यावर केवळ तांबडे धुके.

"मंगला, तू भिंगावर कुंकू लावलंस?"

"मग कुठे लावायचं? कपाळ तेवढंच आहे त्याला!"

"वहिनी, मलेच देव पावला," झिपरू हसू दाबत म्हणाला.

मत्सराला इतके गोड फळ मिळू नये, पण मिळाले.

रूपाली मॅडम मात्र माझ्याकडे वळल्या. धडकेने मी पुढच्या बाजूला दुमडलो होतो. सरांनी मला सरळ करू पाहिले होते, पण गंजलेली बिजागरी हलली नव्हती.

"गाडी पुढे जाऊन उभ्या टेम्पोला घासली असती, तर आरसा मागे दुमडला असता," त्या म्हणाल्या. "हा पुढे दुमडलाय. धक्का मागून आलाय. काय हो झिपरूभाऊ?"

झिपरूने मान खाजवली. "शेठ कामावरून काढून टाकीन म्हणून बोललो, मॅडम."

मित्रांनो, तेल मिळाले असते तर मी सहज सरळ झालो असतो आणि पुरावा नष्ट झाला असता. यावरून हेळसांड हितकारक असते असे समजू नका. एका उदाहरणाने नियम सिद्ध होत नाही.

दावा मंजूर झाला. दाराला रंग मिळाला आणि माझ्या जागी नवा आरसा आला. ज्या भरपाईसाठी मी साक्ष दिली, तिच्यातूनच माझी हकालपट्टी झाली. आता मी गॅलरीत खिळ्याला टांगलेला असतो. सर माझ्यात पाहून दाढी करतात.

यंदाच्या खंडेनवमीला मंगलाबाई माझ्यासमोर थांबल्या. "तूच वाचवलंस रे आम्हाला," असे म्हणून त्यांनी कुंकवाचे बोट टेकवले, नेमके काचेच्या मध्यभागी. तेव्हापासून सरांना अर्धीच हनुवटी दिसते.

मित्रांनो, आमची पूजा जरूर करा. पण कुंकू कडेला लावा आणि वर्षभर फडके हाताशी ठेवा. माझे मात्र एवढ्यात पुसू नका. खाली गाडीवरच्या नव्या आरशाला ते अजून मिळालेले नाही.