स्क्रीनबाहेरची विंडो

ताईच्या टेबलावर दोन स्क्रीन होते. मोठ्यावर काम, आणि डावीकडच्या लहानग्यावर फक्त धाकट्या भावाच्या मेसेजची विंडो. ऑफिसात मोबाइल दारापाशीच्या कपाटात ठेवावा लागे. पण आई हॉस्पिटलात म्हणून साहेबांनी तेवढ्या एका विंडोची परवानगी दिली होती. उपकारच म्हणायचे!

मग कोणी एक दीडशहाणा सल्लागार येऊन म्हणाला, दोन स्क्रीनमुळे लक्ष विखुरतं. झालं! साहेबांना तेवढंच निमित्त पुरलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच वायरमामा, म्हणजे ऑफिसातले कंप्युटर सांभाळणारे, लहान स्क्रीन काखोटीला मारून घेऊन गेले. ताई हूं की चूं बोलली नाही. घर, हॉस्पिटल, ऑफिस करून करून ती इतकी बधिर झाली होती, की डोक्यावरचं छप्पर नेलं असतं तरी तिनं मुकाट्यानं खुर्ची सरकवून दिली असती.

तिनं भावाची विंडो उघडली. खालच्या पट्टीत चिन्ह उजळलं, म्हणजे चालू आहे. मेसेज आला की विंडो समोर येईलच; येत नाही, म्हणजे सगळं ठीक आहे. असं धरून तिनं मान खाली घातली आणि कामाचा फडशा पाडला. दुपारी साहेब पाठीशी येऊन म्हणाले, "बघा, मी म्हटलं नव्हतं?"

सुटायच्या वेळी वायरमामा राहिलेली वायर काढायला आले. "लहान स्क्रीनवरची विंडो इकडे ओढून घेतलीत ना, ताई?" त्यांनी सहज विचारलं. "वायर लावलेली असली की कंप्युटरला वाटतं, स्क्रीन आहेच. तिकडची विंडो तिकडेच उघडतो लेकाचा."

मामांनी दोन बटणं दाबली आणि विंडो डावीकडून सरकत आत आली.

"ताई, आईला तातडीनं ऑपरेशनला नेतायत. ये लगेच."

"सारखं तुझं नाव घेतेय."

"वाचतेयस ना? मग बोल की काहीतरी!"

"नेलं आत."

"ताई, आई गेली गं."

प्रत्येक मेसेजखाली 'वाचला' अशी खूण होती. विंडो उघडी होती ना! कंप्युटरच्या लेखी ताईनं सगळं आल्या आल्या वाचलं होतं.

तिला रडू आलं नाही. काहीच आलं नाही. कपाटातून मोबाइल काढून तिनं भावाला फोन लावला.

"अरे, मी वाचलंच नाही," ती म्हणाली. "विंडो स्क्रीनच्या बाहेर उघडली होती."

"स्क्रीनच्या बाहेर म्हणजे कुठं?"

ताई वायरचं काहीतरी सांगू लागली.

"वाचलंय म्हटल्यावर ऑफिसात कशाला फोन करू, ताई?" भावाचा आवाज बसला होता. "आई सारखी विचारत होती, ताईला कळवलंस का म्हणून. मी तिला मोबाइलच दाखवला. म्हटलं, हे बघ, वाचलंय तिनं. तर म्हणाली, असू दे, कामात असेल."