न वाजवलेले सूर

टाचणी तळहातावर होती आणि तिच्या टोकाला काळा धागा अडकलेला, एवढासा, पापणीच्या केसाएवढा. ही इथे कशी आली? सकाळी ती आरशासमोरून तशीच उठली होती, डोकं उघडं, हात रिकामे... रिकामेच होते ना? आणि आता कामाच्या कोटाच्या खिशातून ही निघाली. म्हणजे डोक्यानं ठरवलं आणि हातांना कुणी कळवलंच नाही. तिनं टाचणी कचऱ्याच्या डब्यात टाकली. आवाज झाला नाही. बारा वर्षं बांधलेला हिजाब आज घरी, खुंटीवर.

"अगं बाई, केस आहेत की तुला!" नोंदवहीवाली ताई खुर्चीतून अर्धी उठली. "मी आपली सहा वर्षं समजतेय, टक्कल आहे म्हणून."

ती हसली. कान तपासायच्या या केंद्रात ताईइतकं तोंड कुणाचंच सुटलेलं नव्हतं. मग ताईनं आवाज खाली आणला. "घरी काही झालं का गं?"

"नाही."

"नवरा काही बोलला?"

"ताई, काढला. बस."

तेवढ्यात डॉक्टर आले, तिच्या डोक्याकडे पाहिलं, चेहऱ्याकडे नंतर. "शाबास! झालीस मोकळी. मी म्हणत नव्हतो?"

म्हणजे यांनी म्हटलं म्हणून. वा रे वा! कालपर्यंत मी कोंडलेली होते आणि किल्ली यांच्या खिशात होती. एकोणिसाव्या वर्षी हिजाब बांधला तेव्हा अम्मी स्वयंपाकघराच्या दारात मटकन बसली होती. त्या बाईनं जन्मात डोकं झाकलं नाही, त्यापायी सासरच्यांच्या शिव्या खाल्ल्या. आणि लेक ही अशी! "कुणी भरवलं तुझ्या डोक्यात? नाव सांग त्याचं." नाव नव्हतंच. माझ्या मनात आलं, मी बांधला, एवढं साधं वाक्य कुणाच्या घशाखाली उतरेना. आणि आज सकाळी नणंद दारात, चपला शोधायचं निमित्त करून... "भाभी, कामावर कुणी काही बोललं का? नाव सांगा फक्त." तेच वाक्य! बारा वर्षांनी, उलट्या बाजूनं. बाईनं डोक्यावर काही घेतलं तरी मागे पुरुष शोधायचा, उतरवलं तरी पुरुषच शोधायचा. बाईला स्वतःचं डोकं असतं हे दोन्हीकडच्या शहाण्यांना सारखंच अवघड जातं. आग लागो.

तणतणतच ती आवाजबंद खोलीत शिरली. खोली कसली, जाड दाराचं कपाट, भिंतीत एक काच, आत एक खुर्ची. रोज सकाळी यंत्र नीट आहे ना हे बघायला पहिला पेशंट तीच असायची. तिनं कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण घेतलं. बाहेर ताई यंत्रावर. सूर ऐकू आला की बटण दाबायचं, बाहेर दिवा लागतो. मधेमधे मुद्दाम काहीच वाजवायचं नाही, कारण काही लोक त्या शांततेतही दाबतात. त्यांना या दोघींनी नाव ठेवलं होतं, हावरे. हावरा आला की काचेबाहेर एकमेकींकडे बघून हसायचं आणि कागदावर शेरा मारायचा, उत्तरांवर भरवसा नाही.

दार मिटलं. पहिला सूर आला, तिनं दाबलं. दुसरा. तिसरा, अगदी बारीक, भिंतीपलीकडून कुणी शीळ घालावी तसा. मग सळसळ. तिनं दाबलं. पुन्हा सळसळ, उजव्या कानामागे, कापडावर कापड सरकल्यासारखी. दाबलं. मग डावीकडे...

दार उघडलं. "काय चाललंय? पाचदा दिवा लावलास. तिसऱ्या सुरानंतर मी यंत्राला हातसुद्धा लावला नाही!"

"सळसळ येतेय. वायर बघ."

ताईनं वायर पाहिली, दुसरे हेडफोन आणले, स्वतःच्या कानाला लावून बघितले. "छे. चिडीचूप आहे. हावरी झालीस की काय?" ताई हसत होती, पण नजर जरा तिच्या कानांवर रेंगाळली.

"परत घेऊ. या वेळी काहीच वाजवू नकोस."

"काहीच नाही? मग काय तपासणार?"

"बंद कर गं दार."

अंधार नव्हता, दिवा होता, तरी दार मिटल्यावर डोळे मिटल्यासारखं झालं. सवय असेल. रोज हेडफोन कापडाच्या आत घ्यायचे, मान हलली की सळसळायचं. कानाला सवय. पण आज ती मान हलवत नव्हती. श्वाससुद्धा धरून ठेवला होता. आणि सळसळ आली, सावकाश, कपाळापासून कानावर, कानावरून मानेकडे, एकेक घडी नीट बसवत, घाई नसलेल्या हातांनी. कुणाचे हात? अम्मीचे नाहीत, अम्मीला बांधताच येत नव्हतं. नणंदेचे घाईचे असतात. तिला वाटलं, ओरडावं, नाव सांग! पण हे तर त्यांचं वाक्य...

त्या वेळी खरंच कुणी नव्हतं? गल्लीतल्या साऱ्या मैत्रिणींनी एकाच उन्हाळ्यात बांधला होता. एकटी उघडी राहिलेली ती. आणि आता? सहा वर्षं डॉक्टरांचं ते 'उकडत नाही का गं', दिवसातून दोनदा, हसत हसत... मी ठरवलं. मी ठरवलं होतं. दोन्ही वाक्यं तिनं मनात शेजारी शेजारी ठेवली. दोन्हींत 'मी' होती, आणि दोन्हींत ती 'मी' कुठे बसली आहे ते दिसत नव्हतं.

बटणावरचा अंगठा तिनं काढून घेतला. आता कुणाला कळवायचं नव्हतं. राग शोधायला गेली तर तोही जागेवर नव्हता. मघापर्यंत केवढा होता, उशाला घेऊन झोपावं एवढा. काचेपलीकडे ताई तोंड हलवत होती, काहीतरी विचारत असावी. सळसळ गळ्यापाशी आली, थांबली. वाट बघत असल्यासारखी. आणि तिच्या लक्षात आलं की आपली हनुवटी वर झाली आहे, थोडीशी, बांधणाऱ्याला सोपं जावं म्हणून करतात तेवढी. ती केव्हा वर केली, हे तिला आठवेना. तिनं ती खालीही घेतली नाही.