राजांचे केस आणि सुश्रुतचे जावळ

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे आणि माझ्या धारेला नावे ठेवलेली मला खपत नाहीत. माझा जन्म मेरठचा. पुण्यात वासंतीआजींनी माझ्याकडून झबली, परकर, पडदे कापून घेतले. शेजारणीसुद्धा माझे कौतुक करत. पुढे त्यांची लेक नीरजा मला नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनला घेऊन आली. इथे मसाल्यांची पाकिटे फोडता फोडता माझी रया गेली.

मग नीरजाच्या नऊ वर्षांच्या लेकीला, उत्तराला, शाळेत फ्रान्सच्या जुन्या फ्रँक राजांवर बोलायचे होते, म्हणून तिने मला ड्रॉवरमधून काढले. ती मला हातात धरून सराव करी. त्या राजांचे लांब केस म्हणजेच त्यांचे राज्य. केस कापले की हक्क संपला. दोन भावांनी मेलेल्या भावाची मुले राज्याभिषेकाच्या नावाखाली आजीकडून नेली आणि तिला, क्लोटिल्ड राणीला, कात्री व तलवार पाठवली. केस कापायचे की मारायचे, तूच सांग! केस गमावून जगण्यापेक्षा मेलेली बरी, असे ती दुःखाच्या भरात बोलून गेली. सख्ख्या काकाने दोन पोरांचा जीव घेतला. त्यात माझ्याच जातीची कात्री होती, याची मला फार लाज वाटली.

त्यातच उत्तराच्या तान्ह्या भावाचे, सुश्रुतचे, जावळ ठरले. आइंडहोव्हनहून श्रीहर्षमामा येऊन, बाळाला मांडीवर घेऊन पहिली बट कापणार होता. याच मामाने पुण्याचे घर नीरजाला न विचारता परस्पर विकले होते. "सख्ख्या भावाने दगा दिला," असे ती फोनवर रडताना उत्तराने ऐकले होते. आता तोच मामा गोड बोलत येणार, म्हणून पोरगी घाबरली. मलाही धास्ती वाटू लागली.

रविवारी मामाने मला उचलले मात्र, उत्तराने झडप घालून मला हिसकावले.

"नो! डोन्ट टच हिम! केस कापले की किंग राहत नाही. आईचं घर घेतलंस, आता सुश्रुतला पण..."

आता माझे पाते कुणाला तरी लागणार, असे मला वाटले. मामाचा चेहरा पडला. तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि त्याने मान खाली घातली.

"आधी माझे काप, बाळा. हवे तेवढे."

तिने कचकन एक बट कापली.

"चुकलो गं, ताई," तो मान वर न करता म्हणाला. "तुला विचारायला हवं होतं."

नीरजाने सुश्रुतला त्याच्या मांडीवर ठेवले. "हळू काप," एवढेच म्हणाली.

मित्रांनो, मला कोरडी ठेवा, अधूनमधून धार लावून आणा. पण तुमच्या घरात मोठी माणसे भांडत असतील, तर एखादे लेकरू जीव मुठीत धरून दाराआड उभे असते. माझ्याआधी त्याच्याकडे बघा.