पास झालेली फ्रेम

मी सायकलच्या कारखान्यात फ्रेमा तोडते. थट्टा नाही, माझं कामच ते आहे, पगार त्याचाच मिळतो. हे कळलं की दवाखान्याची रांग असो नाहीतर आमच्या बिल्डिंगचा जिना, समोरच्याचा प्रश्न ठरलेला. "मग सांगा बरं, डोंगरात चालवायची सायकल किती जोरात हाणली तरी चालते?" जसं काही मी आकडा खिशात घेऊन फिरते. मी सांगते, बाबांनो, ते चालवणाऱ्यावर आहे, तो जमिनीवर कसा उतरतो त्यावर आहे, आणि सगळ्यात जास्त म्हणजे त्या फ्रेमने आजवर काय काय सोसलंय त्यावर आहे. या शेवटच्या मुद्द्यापर्यंत येईस्तोवर ऐकणारा मोबाइल काढून बसलेला असतो. परक्यांचं सोडा हो. घरातल्या माणसाने तरी ऐकावं की नाही?

घरातला माणूस म्हणजे आमचे हे. त्याच कारखान्यात, रंगखात्यात. हात सोन्याचा, रंगाचा एक ओघळ शोधून सापडायचा नाही. डोक्याचं मात्र... जाऊ दे. आमचा संसार या "जाऊ दे"वरच चाललाय.

आणि आमची लेक. कॉलेजात जाते असं आपलं म्हणायचं, एरवी सदानकदा सायकलवर. पायाला भिंगरी, म्हणून घरीदारी सगळे तिला भिंगरीच म्हणतात. सायकल तिला बापाने शिकवली. हे तरुणपणी डोंगरउतारावरचे पक्के होते, अजूनही सुट्टीला जातात आणि गुडघे सोलून येतात. गावाबाहेरच्या टेकडीवर वर्षातून एकदा उताराची शर्यत होते आणि तिच्यातून मोठ्या संघाची निवड होते. गेल्या वर्षी भिंगरीची निवड थोडक्यात हुकली. त्यानंतर महिनाभर घरात एकच पाढा: सायकल जड आहे, सायकल जुनी आहे, दुसऱ्या पोरींच्या सायकली बघ.

यंदा शर्यतीच्या दिवशी ती उजाडता उजाडता क्लबच्या गाडीतून गेली. जाताना दारातून ओरडली, "आई, बाबाने नवी सायकल बांधून दिलीय! तुला सरप्राइज!" मी अर्धवट झोपेत डोळे किलकिले करून पाहिलं. मोरपंखी रंग, नुसता झळझळीत. मनात म्हटलं, चला, नवऱ्याने न विचारता केलेलं एक तरी काम धड झालं. किती भोळी मी!

चहाला बसलो तेव्हा सहज विचारलं, "फ्रेम कुठली घातलीत?"

हे गालातल्या गालात हसले. "ओळख."

"मला कोडी घालू नका सकाळी सकाळी."

"तुझ्याच खोलीतली आहे, वेडे. तुझ्या मशीनवर पास झालेली!"

कप माझ्या हातातच राहिला. आधी मला वाटलं, गंमत करतायत. मग त्यांचा चेहरा पाहिला. गंमत करताना हा माणूस इतका खूश कधीच नसतो.

कारखान्यातल्या आमच्या तपासणीच्या खोलीत काय चालतं ते सांगते. फ्रेम मशीनला आवळायची. मशीन तिला दाबतं, सोडतं, दाबतं, सोडतं, लाखभर वेळा. मग वरून वजन आपटायचं. जी तुटते ती नापास, जी टिकते ती पास. आणि पास म्हणजे काय, तर तिच्यासारख्या दुसऱ्या, नव्या फ्रेमा विकायला हरकत नाही. ती स्वतः मात्र संपली. आयुष्यभराचा मार तिने चार दिवसांत खाल्लेला असतो. म्हणून आमच्याकडे पास झालेली फ्रेम करवतीने मधोमध कापून मगच भंगारात टाकायची पद्धत आहे. नापास झालेलीला कुणी हात लावत नाही, ती तुटलेलीच असते. धोका असतो तो पास झालेलीचा.

गेल्या आठवड्यात आमची करवत बंद पडली होती. दोन-चार फ्रेमा न कापता कोपऱ्यात पडून होत्या. ह्यांच्या खात्याला रंगाचे नमुने काढायला आमचं भंगार लागतं, ते नेहमी कापलेलं नेतात. या खेपेला ह्यांनी एक अख्खी उचलली आणि गेटवर "नमुना आहे" म्हणून छाती काढून बाहेर नेली.

"अहो, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?" मी म्हटलं.

"का? तूच म्हणालीस ना परवा जेवताना, काय दणकट फ्रेम आहे, मशीन कंटाळलं पण ही हटली नाही?"

"म्हणाले."

"मग झालं तर! बाजारातल्या फ्रेमा नुसत्या भरवशावर घ्यायच्या. ही तपासून घेतलेली. आपल्या पोरीला न तपासलेली द्यायची का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, तरी मी दात आवळून समजावलं. "अहो, तार हातात धरून पुढे-मागे वाकवता ना तुम्ही, तोडायला? शेवटच्या वेळेला वाकवायच्या आधी ती तार कशी दिसते?"

"तारेसारखी."

"चांगलीच दिसते ना?"

"हो, पण तार काही पास झालेली नसते."

मी कपाळावर हात मारून घेतला. "आणि वरून रंग फासलात! बारीक तडा पडला असेल तर आता तो दिसायचा कुणाच्या बापाला?"

"रंग बसलाय छान, ते नाही बोलायचं तुला," हे म्हणाले. शप्पथ, असंच म्हणाले.

भिंगरीला फोन लावला. वाजून वाजून बंद. शर्यतीच्या वेळी ही मंडळी फोन बॅगेत टाकतात. मी पायांत चपला सरकवल्या, ह्यांना गाडीत कोंबलं आणि निघालो. रस्ताभर हे एकच धरून बसले, "अगं, दहा जणींच्या सायकली तिच्यापेक्षा वाईट असतील." मी म्हटलं, "असोत. त्या दहा जणी माझ्या पोटच्या नाहीत." पुढचं वळण आलं. मग पुन्हा, "पण तू घाबरतेस फार." मला तर गाडी थांबवून ह्यांनाच उतरवावंसं वाटत होतं.

टेकडीच्या माथ्यावर पोचलो तेव्हा पोरी एकेक करून सुटत होत्या. वाट झाडांतून खाली जाते आणि थोड्याच अंतरावर एकदम तुटते. त्या जागेला सगळे कट्टा म्हणतात. खाली बघितलं तर दुमजली घराच्या गच्चीतून बघितल्यासारखं वाटतं. तिथून सायकलीसकट उडायचं आणि खालच्या उतारावर आदळायचं. आणि हे म्हणे खेळ!

भिंगरी रांगेत उभी होती. पाठीवर नंबर, गुडघ्यांना पट्टे. आम्हाला पाहून तिचा चेहरा फुलला. मी जवळ गेले आणि सांगितलं, "या सायकलवरून उतरायचं. आत्ताच्या आत्ता."

ती हसलीच आधी. मग मी सगळं सांगितलं, भराभरा, चारचौघात. तिचा चेहरा उतरत गेला आणि मग कठीण झाला. बापाचाच चेहरा.

"आई, सकाळपासून सरावात दोनदा मारलीय मी उडी. काही झालं का?"

"तिसऱ्यांदा होईल."

"कशावरून?"

"मी रोज बघते म्हणून. चांगली दिसत असताना तुटतात त्या. आधी सांगून तुटत नाहीत."

"तडा दाखव मग." तिने सायकल माझ्यासमोर उभी केली. "दाखव ना! कुठाय?"

मी खाली बसले. नळ्यांचे सांधे बघितले, बोट फिरवलं, नख फिरवलं. मोरपंखी रंग, एका ओघळाशिवाय. हात सोन्याचाच, त्या सोन्याला आग लागो. काही म्हणता काही दिसेना. आजूबाजूच्या पोरी बघत होत्या, त्यांच्या आया बघत होत्या. शिट्टी घेऊन उभा असलेला पंच आला. मी त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "ताई, ब्रेक बघितले, चाकं बघितली, सगळं ठीक आहे. मुलगी सज्ञान आहे. तिने ठरवायचं." आणि गेला निघून, पुढचा नंबर पुकारायला.

"आज हुकलं तर परत वर्षभर थांबायचं," भिंगरी म्हणाली. "दुसरी सायकल आता कोण देणार मला? तुला बरं वाटतं ना माझं काही झालं नाही की?"

"तुला काही झालं नाही की मला बरंच वाटतं," मी म्हटलं.

"तिला जाऊ दे गं," हे मध्येच म्हणाले. "पास झालेली आहे."

झालं. माझा बांध फुटला. सकाळपासून हा एक शब्द ऐकून ऐकून माझे कान किटले होते. "पास झालीय ना? एवढी खात्री आहे ना तुमची? मग तुम्ही बसा! तुमची फ्रेम, तुमचा रंग. पोरीच्या आधी तुम्ही मारा त्या कट्ट्यावरून उडी. बघू!"

हे बोलायचं नव्हतं मला. पण तोंडातून गेलं ते गेलं.

"मारतो की," हे म्हणाले. "त्यात काय!"

आणि खरंच त्यांनी भिंगरीच्या हातातून सायकल घेतली. तिचं हेल्मेट घेतलं. ते चपखल बसलं, बापलेकीच्या डोक्याचा आकार एकच, बाहेरूनही आणि आतूनही. पंचाला म्हणाले, "एक मिनिट, फक्त दाखवून येतो हिला." पंच "अहो काका, अहो काका" करत राहिला. हे वाटेच्या तोंडाशी गेले, एक पाय पेडलवर, एक जमिनीवर. हँडलवरची बोटं मला दिसत होती. रंगाचे डाग कधीच न जाणारी बोटं. माझ्या मनात आलं, हा माणूस जाणार. हा मूर्ख, हट्टी, सोन्याच्या हाताचा माणूस आता खाली जाणार, आणि जा म्हणून मीच त्याला सांगितलंय. ओरडावं म्हणून मी तोंड उघडलं.

ह्यांनी जमिनीवरचा पाय उचलला.

भिंगरीने धाव घेतली आणि दोन्ही हातांनी हँडल धरलं. चाक तिच्या पायावर आदळलं.

"बाबा, उतर."

"अगं, सोड. काही होत नाही."

"उतर म्हणते ना!"

"अगं, तूच म्हणत होतीस ना आईला, तडा दाखव म्हणून? कुठाय तडा?"

"मला काय माहीत कुठाय!" ती किंचाळली. "तू उतर आधी!"

हे तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांची नजर खाली वळली, झाडांतून पुढे जिथे वाट तुटत होती तिकडे. मग पुन्हा तिच्याकडे. भिंगरी ढसाढसा रडत होती, हँडल काही सोडत नव्हती. "मी दोनदा गेले," ती म्हणत होती, "बाबा, मी दोनदा गेले यावरून."

ह्यांचं तोंड पांढरंफटक पडलं. सकाळपासून मी घसा फोडून जे सांगत होते ते त्या एका क्षणात त्यांच्या डोक्यात शिरलं असावं. ते उतरले. सायकल ठेवायची कुठे ते कळेना म्हणून नुसते धरून उभे राहिले. पोरीच्या डोक्यावरून हात फिरवायला गेले, तो तिने झटकून टाकला.

पंचाने तिचा नंबर पुकारला. आमच्याकडे बघत पुन्हा एकदा पुकारला. भिंगरीने नाक पुसलं, पाठीवरचा नंबर ओढून काढला आणि त्याच्या हातात दिला. मागची पोरगी पुढे सरकली, शिट्टी वाजली आणि ती खाली गेली. कट्ट्यावरून उडालेली दिसली, धप्प आवाज आला, मग टाळ्या.

आम्ही तिघं गाडीकडे निघालो. हे मागून सायकल ढकलत येत होते. एवढ्या वर्षांत ह्यांना इतका वेळ गप्प मी पाहिलेलं नाही, आणि खरं सांगते, मला ते मुळीच आवडलं नाही. भिंगरी माझ्या पुढे होती. चाक लागलेल्या पायाने जरा लंगडत होती. मी हात पुढे केला, तिने घेतला नाही.

"तुम्हा दोघांशी मी बोलणार नाहीये," ती मागे न बघता म्हणाली. "कधीच."

"नको बोलूस," मी म्हटलं. "तू नुसती चालत राहा."